सिक लाईन

मिरजेत, दवाखान्यांच्या बोळात, तळमजल्यावर माझं टेबल.
दिवसा मी दात करते.
दिवेलागणीनंतर, त्याच दिव्याखाली, मालगाडीचे डबे,
सत्त्याऐंशी पट लहान.

हत्यारं तीच. मेण तेच.
जुन्या फाईलच्या प्लास्टिकच्या भिंती,
मागून टोचून उठवलेले रिव्हेट,
एका डब्याला दोनशे बारा, श्वास धरून.
घरचे म्हणतात, खेळण्यासाठी एवढं?
मी म्हणते, हो.

डबा पुरा झाला की कोरा करकरीत दिसतो,
आणि कोरा म्हणजे खोटा.
दाताचंही तेच. पांढराशुभ्र बसवला
की समोरचा आधी त्याच्याशीच बोलतो.
म्हणून दाताच्या मानेशी मी थोडा चहा ठेवते,
मिश्री लावणारीला थोडी मिश्री.
तेच कसब डब्यावर चालवलं:
बिजागरीचा गंज खरवडून, वस्त्रगाळ करून,
तारेची घासणी आठ दिवस व्हिनेगरात,
आणि दाराच्या उंबऱ्याशी हळद,
सांगलीची पोती चढताना सांडते तशी.

वरून डॉक्टरांनी रंग जुळवायला पाठवले
गुलाबहुसेन मुजावर,
निवृत्त टीएक्सआर, छत्तीस वर्षं मिरज यार्ड.
वरचे पाच दात शिल्लक, खालचा एकही नाही.
मी दाताशेजारी रंगाची पट्टी धरलेली,
तोंड उघडं, बोलता येईना,
पण डोळे माझ्या खांद्यावरून कपाटावर.
पट्टी काढली तसं पहिलं वाक्य:
"पाऊस कुठनं येतोय तुमच्याकडं?"

म्हणजे?

"गंज सगळीकडं सारखा लावलाय.
गंजाला वाट लागती, बाई.
पाणी छपरावरनं उतरतं, रिव्हेटच्या डोक्यावर थांबतं,
मग ओघळतं. जिन्यातल्या भिंतीवर पान थुंकलेलं बघा,
तसं. वर दाट, खाली बोट ओढल्यागत.
आणि ही हळद! ती उन्हात टिकती होय?
इथनं पिवळाधमक निघालेला डबा
गदगला पोचेस्तोवर नुसता वासाचा पिवळा."

खरं होतं. खिडकीपाशी ठेवलेल्या पहिल्या डब्याची हळद
पंधरा दिवसांत उडाली होती.
मला वाटलेलं, हात चुकला.

कवळीसाठी तीनदा आले.
दुसऱ्या खेपेला ॲक्सल बॉक्सचं तेल दाखवलं:
ओलं नको, धूळ खाल्लेलं, मखमलीसारखं.
मग खडूच्या खुणा. एकीवर एक, अर्ध्या पुसलेल्या.
अक्षर कुणाचं काढू, विचारलं,
तर माझ्या बिलबुकाच्या पुठ्ठ्यावर
खडूने हातभर लिहून दिलं:
मिरज, तारीख, आणि खाली एक वेलांटी,
ती त्यांची सही.
मी ती एका केसाच्या ब्रशने उतरवली.
भिंगातूनही जेमतेम वाचता येते.

कवळी बसली त्या दिवशी मी आरसा पुढे धरला.
त्यांनी बघितलाच नाही.
डबा तळहातावर घेतला, चष्मा कपाळावर,
आणि नखाने चाकावर टिचकी.
तंबोऱ्याचा भोपळा घेताना कान लावतात
तसा कान लावून. दुसरं चाक. तिसरं.
चौथ्याशी थांबले. पुन्हा वाजवलं.

"बद्द."

चाकं माझीच, कवळीच्याच राळेची,
ती कशाने खणखणणार?
पण बोलायला तोंड उघडलं तर ते
शर्टाच्या खिशात खडू शोधत होते.
सापडलं एसटीचं तिकीट.
नव्या दातांत अजून 'स' नीट बसत नव्हता,
तरी स्पष्ट म्हणाले,
"हा पुढं सोडू नका. सिक लाईनला घ्या."

मग माझ्याकडे बघितलं. कपाटाकडे.
डबा हळूच खाली ठेवून
बाकीचे पैसे मोजले, सुट्ट्यासकट,
आणि जिन्याच्या भिंतीकडे एकदा बघून गेले.

त्या रात्री फळीच्या टोकाला वीतभर रूळ टाकला,
पुढे कुठेच न जाणारा.
तो डबा तिथे उभा आहे, एकटा.
घरचे विचारतात, हा का वेगळा काढलास?
मी म्हणते, आजारी आहे.